बावीस सेंटिमीटरवर

पेन नाकापासून चौदा सेंटिमीटरवर आलं आणि माझ्या मुलीचा डावा डोळा सुटला. मी समोरच्याच स्टुलावर बसले होते, म्हणून मला ते स्पष्ट दिसलं. तोवर दोन्ही बुबुळं पेनाच्या टोकाला धरून होती, पेन जवळ येईल तशी आत आत वळत होती. मग एकदम उजवं जागच्या जागी राहिलं आणि डावं कानाकडं निघून गेलं, कंटाळलेलं पोर वर्गाच्या मागच्या दारानं निघून जावं तसं. "आता दोन झाले," प्रियल म्हणाली. "शाब्बास!" डोळे तपासणारी ती दिपमाला म्हणाली आणि नाकापाशी टेकवलेल्या पट्टीवरचा आकडा वाचून तिनं कागदावर लिहिला. शाब्बास कशाबद्दल, असं मला विचारायचं होतं. माझ्यादेखत मुलीचा डोळा जागा सोडून जातो आणि ही पोरगी शाब्बास म्हणते. मग तिनं पेन मागं मागं नेलं. एकोणीसवर डोळा परत आला, प्रियल म्हणाली, "एक झालं." असं तिनं तीनदा केलं. दुसऱ्यांदा डोळा सोळावर सुटला, तिसऱ्यांदा अठरावर. "थकतात बघा ताई. हिच्या वयाला पाच-सहापर्यंत एकच दिसायला पाहिजे," दिपमाला म्हणाली. "लांबचं एकदम छान आहे, दोन्ही डोळे सहा बाय सहा, नंबर काहीच नाही. पण जवळचं बघायला दोन्ही डोळे आत वळवावे लागतात ना, ते वळवणं हिला कमी पडतं. म्हणून पुस्तक धरलं की अक्षरं डबल होतात, ओळी सरकतात, डोकं दुखतं." बसचं वेळापत्रक सांगावं तसं सांगितलं तिनं. मी म्हटलं, बरं.

ती मला आल्यापासून आवडली नव्हती. मला तशी पटकन कोणी आवडत नाहीच, पण हिचं हसणं जरा जास्तच होतं. जळगावातला रिंग रोडवरचा दवाखाना, शनिवारची दुपार, बाहेर बाकावर पंधरा माणसं, आणि ही आत प्रत्येकाशी गप्पा मारत बसलेली. आमच्या आधी पारोळ्याकडचे एक म्हातारे आबा होते, त्यांच्याही नाकापुढं पेन धरून अहिराणीत विचारत होती, "आबा, पेन एकच शे का दोन व्हयनात?" आबा म्हणाले, "एकच शे ना माय, दोन काब्रं व्हतीन?" आणि दोघं खदाखदा हसले. आम्ही आत गेलो तशी ती पुस्तकातल्यासारखं बोलायला लागली. आम्ही मारवाडी, आमच्या चेहऱ्यावर दुकान लिहिलेलं असतं, आम्ही तिसऱ्या पिढीपासून इथले असलो तरी आमच्याशी असंच बोलतात. प्रियलला इथं आणायचा विचारही माझा नव्हता. शाळेतल्या बाईंनी वहीत लिहून पाठवलं होतं, 'मुलगी वाचताना एक डोळा हातानं झाकते, तपासून घ्यावे.' मी ते वाचून चिडले होते. वाचताना गाल हातावर टेकवून तो डोळा झाकायचा, यात तपासून काय घ्यायचं? मी जन्मभर तसंच वाचत आले. "ताई, तुम्ही पण बसा ना दोन मिनिटं," दिपमाला म्हणाली. "कधी कधी घरात असतं." मी बसले ते तिचं तोंड बंद व्हावं म्हणून. पेन निघालं, थोडं पुढं आलं, त्याचे दोन झाले, मी म्हटलं दोन. "आताच?" ती म्हणाली. तिनं पट्टी बघितली, परत केलं, परत बघितली. बावीस. "असं कधीपासून होतं तुम्हाला?" "कसं?" "असं, जवळ आणलं की दोन." मी म्हटलं, "जवळ आणल्यावर दोन दिसणारच ना." तेव्हा मात्र ती हसायची थांबली. "नाही ताई," ती म्हणाली. "नाही दिसत."

मी पस्तीस वर्षांची आहे. पस्तीस वर्षं माझी अशी समजूत होती की पुस्तक म्हणजे वळवळणारी वस्तू आहे आणि शहाणे लोक तिला नजरेनं दाबून धरतात. सगळ्यांनाच दोन ओळी एकमेकींवर चढलेल्या दिसतात, सगळ्यांच्याच भुवईमागं अर्ध्या पानावर ठणका सुरू होतो, फक्त त्यांच्यात जिद्द असते आणि माझ्यात नाही. हे मला कोणी सांगितलं असेल तर ते माझ्या वडिलांनी, निर्मलकुमारजींनी. धुळ्यात आग्रा रोडला त्यांचं कापडाचं दुकान आहे, जैन स्थानकाच्या पाठशाळेचे ते अध्यक्ष, शब्दाला पक्के म्हणून गावात मान. स्टुलावरून उठले तेव्हा मला चक्कर, रडू वगैरे काही आलं नाही. राग आला. इतका स्वच्छ राग की मला हलकं वाटलं. दिपमाला व्यायाम समजावत होती, रोज पंधरा मिनिटं, पेन हातभर लांब धरायचं, हळूहळू जवळ आणायचं, दोन झालं की थांबायचं, एक करायचा प्रयत्न करायचा. दोन-तीन महिन्यांत मुलं सुधारतात म्हणाली, मोठ्यांनाही फरक पडतो. मी मान हलवत होते आणि मनात धुळ्याला पोचले होते. ते दोन आकड्यांचे कागद मी असे घडी करून घेतले, जणू कोर्टाचे कागद.

आमच्याकडं मुलं आधी कानानं शिकतात. रविवारी सकाळी स्थानकात पाठशाळा भरायची. गुरुणीजी एक ओळ म्हणायच्या, आम्ही चाळीस पोरं ती परत म्हणायचो. पुस्तक मांडीवर असायचं, पण ते पायाला लागू नये म्हणून सांभाळायचं, वाचायचं नाही. अर्थ कोणालाच कळत नव्हता आणि त्याचं काही अडत नव्हतं. मला एकदा ऐकलेलं पक्कं बसायचं. सातव्या वर्षी पर्युषणात मी सगळ्या संघासमोर प्राकृतातलं अख्खं प्रतिक्रमण एका दमात म्हटलं होतं, कुठं अडखळले नाही. मला चांदीचा ग्लास मिळाला. पप्पांनी मला उचलून घेतलं तेव्हा त्यांच्या नव्या सदऱ्याला खळीचा वास येत होता. तो फोटो दुकानात गादीच्या वर लागला. पुढच्या वर्षी शाळेत मराठीच्या तासाला उभं राहून धडा वाचायची वेळ आली आणि मला चार ओळी वाचता येईनात. दुसऱ्या कुठल्याही घरात म्हणाले असते, पोरगी मठ्ठ आहे, आणि सोडून दिलं असतं. मठ्ठ पोरांना माफ करतात लोक. पण आमच्याकडं माझ्या हुशारीचा पुरावा भिंतीवर टांगलेला होता, चांदीच्या ग्लासासकट. जिला न कळणाऱ्या भाषेतलं एवढं पाठ होतं, तिला मातृभाषेतल्या चार ओळी येत नाहीत म्हणजे तिला करायचंच नाही. पप्पांचा हिशोब सरळ होता. मी खोटारडी आहे, एवढं एकच उत्तर उरत होतं.

त्यांनी मला डॉक्टरकडं नेलं नाही असंही नाही, हीच तर गंमत. नेलं. धुळ्यातल्या एका डॉक्टरांनी मला खुर्चीवर बसवलं, वीस फुटांवर अक्षरांचा तक्ता लावला, मी सगळ्यात खालची बारीक ओळसुद्धा धडाधड वाचली. लांबचं मला चांगलं दिसायचं, अजूनही दिसतं. सहा बाय सहा, त्यांनी लिहून दिलं. तो कागद पप्पांनी दुकानातल्या टेबलाच्या काचेखाली सरकवला. मी डोकं दुखतं म्हटलं की ते काही बोलायचे नाहीत, काचेवर बोटानं टक टक करायचे. मग रोज संध्याकाळी सात ते आठ मी गादीच्या कडेला उभी राहून धडा मोठ्यानं वाचायचा, असं ठरलं. एक शब्द चुकला की पहिल्यापासून. गिऱ्हाईक असायचं, बायका साड्या बघत असायच्या, नथ्थूकाका मीटरपट्टीनं कापड मोजत असायचे आणि माझ्या वाट्याचं ते खाली बघायचे. यातून मी जे केलं ते कुठल्याही हुशार मुलीनं केलं असतं. शाळेत मैत्रिणीकडून मधल्या सुट्टीत धडा वाचून घ्यायचा, दोनदा ऐकायचा, संध्याकाळी पुस्तक समोर धरून पाठ म्हणायचा. पंधरा दिवस मी असा धडाधड वाचला की पप्पा गिऱ्हाइकांना सांगायला लागले, बघा, मनावर घेतलं की होतं. सोळाव्या दिवशी मी वाचत असताना ते उठले, माझ्यामागं आले आणि त्यांनी हळूच पान उलटलं. माझं लक्ष पानाकडं नव्हतंच, मला कळलंच नाही. मी आधीच्या पानावरचंच म्हणत राहिले, चांगल्या दहा-बारा ओळी. मग पप्पा हसले. मोठ्यानं हसले, आणि दुकानातली माणसं हसली, साडी बघणाऱ्या बायका हसल्या, नथ्थूकाकासुद्धा हसले. "काय कलाकार आहे बघा," पप्पा म्हणाले. त्या दिवसापासून घरात माझं नाव नाटककंपनी. डोकं दुखतं म्हटलं, नाटककंपनी. बारावीत इंग्रजीत नापास झाले, नाटककंपनी. मला वकील व्हायचं होतं. मला भांडता येतं, मुद्दे लक्षात राहतात, एकदा ऐकलेलं विसरत नाही, आणखी काय लागतं वकिलाला? "पुस्तक समोर धरवत नाही आणि वकील," पप्पा म्हणाले, आणि एकविसाव्या वर्षी मला जळगावला दिलं.

श्रेयांसला, माझ्या नवऱ्याला, रात्री जेवताना मी दोन्ही कागद दाखवले. त्याला प्रियलची काळजी वाटली, तेवढी रास्त होती. माझ्या कागदावर तो म्हणाला, "मग तूही व्यायाम कर." मी म्हटलं, उद्या धुळ्याला जाते. कशाला? पप्पांना सांगायला. तो म्हणाला, "ते सत्तरीला आलेत. सांगून काय होणार?" सत्तरीला आले म्हणजे सुटले का? पंधरा दिवसांपूर्वी संवत्सरी झाली होती. त्या दिवशी आमच्याकडं सगळे सगळ्यांची क्षमा मागतात, हात जोडून मिच्छामि दुक्कडं म्हणतात, पूर्वी घरोघर जायचे, आता मोबाईलवर पाठवतात. पप्पांचाही मेसेज आला होता. कमळाचं चित्र, जोडलेले हात, जाणतेपणी-अजाणतेपणी आपलं मन दुखावलं असेल तर अंतःकरणपूर्वक वगैरे. वर लिहिलेलं, 'आदरणीय सदस्य.' पाठशाळेच्या यादीतून मलाही गेला होता. चारशे माणसांची एका बोटानं क्षमा मागून मोकळा होणारा माणूस. मला त्यांच्या तोंडून एक वाक्य हवं होतं, समोरासमोर, साध्या मराठीत, माझं नाव घेऊन. 'विधी खोटं बोलत नव्हती, माझं चुकलं.' बाकी मला काहीही नको. वकिली नको, चांदीचे ग्लास नकोत. आणि ते प्रियलसमोर हवं होतं, कारण तिच्या बाबतीत जे झालं तेही त्यांचंच. गेल्या महिन्यात मी तिच्यावर हात उचलला. चौथीचा धडा, एकाच ओळीवर सातव्यांदा चुकली, आणि माझा हात उठला. तो हात माझा नव्हता, तो धुळ्याहून आला होता. मी रात्रभर हेच घोकत राहिले आणि मला ते पटत गेलं.

रविवारी सकाळी आठच्या बसनं निघालो. प्रियल खिडकीशी बसली. एरंडोलपर्यंत ती पेन नाकाशी नेऊन दोन झालं, एक झालं करत होती आणि पुढच्या सीटवरची बाई वळून वळून बघत होती. तिनं एकदा काय झालं पोरीला असं विचारलं तेव्हा मी म्हटलं, तुमचं तिकीट काढलं का तुम्ही? मग ती वळली नाही. मला कोणाची कीव नको होती. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी कपाशी लांबच लांब, स्वच्छ, एकेक झाड वेगळं दिसत होतं. लांबचं मला कायम असं दिसत आलंय. म्हणूनच मला लहानपणी शाळेतून घरी जायचा रस्ता आवडायचा, तिथं काही वाचायला नसायचं, आणि दुकान जवळ यायला लागलं की मी पाय ओढत चालायचे. पारोळ्याला बस थांबली तेव्हा प्रियल म्हणाली, "नानाजींना पण बघायचं का, किती सेंटिमीटर ते?" मी म्हटलं, बघू या. मला ती कल्पना आवडली. त्यांचाही डोळा सुटला तर? रक्तातूनच आलेलं असलं तर? ते कसे बसतील, काय बोलतील, चष्मा कसा काढून पुसतील, हे मी पारोळ्यापासून धुळ्यापर्यंत रचत गेले. एखादा शब्द चुकला की पहिल्यापासून.

घरी बाईनं, म्हणजे माझ्या आईनं, दाल-बाटीचा घाट घातला होता. आम्ही तिला बाईच म्हणतो. तिनं प्रियलला जवळ घेतलं, मला बघून म्हणाली, "अशी अचानक कशी गं?" मी म्हटलं, पप्पांकडं काम आहे. तिनं माझ्या चेहऱ्याकडं बघितलं आणि ती स्वयंपाकघरात निघून गेली. चाळीस वर्षं ती हेच करत आलीय. पप्पा दिवाणखान्यात पेपर वाचत होते, पेपर अगदी समोर, चष्मा लावून, एका ओळीवरून दुसऱ्या ओळीवर सरळ चाललेले. प्रियल झोपाळ्यावर चढली आणि तिनंच सुरुवात केली, "नानाजी, तुमचा डोळा सुटतो का बघायचंय." त्यांना तो खेळ वाटला. चष्मा नीट करून बसले. मी पेन धरलं, हातभर लांबून आणायला लागले. "एकच आहे," ते म्हणाले. आणखी जवळ. "एकच आहे." दोन्ही बुबुळं सरळ, सारखी, आज्ञाधारक, आत आत येत चालली. "अगं, नाकाला लागलं, तरी एकच आहे!" आणि ते हसले. दुकानातलंच हसणं. त्या दोन डोळ्यांचा मला जेवढा तिटकारा आला तेवढा आजवर कशाचाच आला नव्हता. सत्तराव्या वर्षीही त्यांना जग एकच दिसत होतं.

मी दोन्ही कागद त्यांच्यापुढं ठेवले. "हे प्रियलचं, चौदा. हे माझं, बावीस. जन्मापासूनचं." कुठलाही कागद दोनदा वाचायची त्यांची सवय आहे. दोनदा वाचले. मग म्हणाले, "पण त्या डॉक्टरनी सहा बाय सहा लिहून दिलं होतं ना. माझ्याकडं कागद असेल अजून."

"ते लांबचं होतं. वीस फुटांवरचं. मी दुकानात वीस फुटांवरून धडा वाचत होते का?"

"मला कसं कळणार बेटा? डॉक्टरला कळलं नाही, मास्तरला कळलं नाही. मी कापड विकणारा माणूस." यात चुकीचं काही नव्हतं, आणि म्हणूनच माझा पारा आणखी चढला. मी म्हटलं, "तुम्ही पान उलटलं होतं. सगळं दुकान हसवलं होतं तुम्ही माझ्यावर." "कुठलं पान?" त्यांनी विचारलं, आणि ते खोटं विचारत नव्हते. त्यांना आठवतच नव्हतं. ज्या पानावर मी सत्तावीस वर्षं काढली ते पान या माणसाच्या लक्षातही नव्हतं. मी बोलत सुटले. गादी, काचेखालचा कागद, नाटककंपनी, बारावी, सगळं काढलं, तारखेवार. माझा आवाज बाहेर गल्लीत जात असणार, कारण बाईनं आतून हाक मारली, "विधी, आधी जेवून घ्या." पप्पा ऐकत होते. मधेच त्यांनी हात जोडले. "बरं, मिच्छामि दुक्कडं. हे बघ, हात जोडले."

"ते चारशे लोकांना पाठवता तसलं मला नको. तुमच्या तोंडानं बोला. मराठीत."

"काय बोलू?"

"विधी खोटं बोलत नव्हती. माझं चुकलं. एवढंच."

त्यांनी चष्मा काढला. मला वाटलं, आता येणार. ओठ हललेसुद्धा. मग त्यांचा चेहरा दुकानात भाव ठरवताना होतो तसा झाला. "तू एकदा तरी सांगितलंस का मला? पप्पा, मला दोन दिसतात, असं? डोकं दुखतं म्हणायचीस. डोकं सगळ्यांचंच दुखतं. दोन दिसतात म्हणाली असतीस तर मी मुंबईला नेलं असतं, मद्रासला नेलं असतं. न सांगता मला कसं कळावं? मी काय केवळज्ञानी आहे?"

"मला तरी काय माहीत होतं, सगळ्यांना तसं दिसत नाही म्हणून! आठ वर्षांची होते मी!"

"तेच म्हणतो मी. सांगितलं नाहीस."

"मी सांगितलं होतं," प्रियल म्हणाली.

झोपाळ्यावर उलटी बसून ती कडीशी खेळत होती. आमच्या आरडाओरड्याचं तिला विशेष काही वाटत नसावं, फक्त सांगितलं की नाही हा मुद्दा निघाला म्हणून तिनं आपलं उत्तर दिलं. "कोणाला बेटा?" पप्पांनी विचारलं. "मम्मीला. ओळी एकमेकींवर चढतात, म्हणून सांगितलं. मम्मी म्हणाली, सगळ्यांच्याच चढतात, डोळे ताणून वाचायचं. नाटकं करायची नाहीत." मी म्हणणार होते, असं मी काही म्हटलं नाही. तोंड उघडलंही. पण मला एकदा ऐकलेलं विसरता येत नाही, आणि स्वतःचं बोललेलंही. स्वयंपाकघराच्या ओट्याशी मी पोळ्या लाटत होते. ती पुस्तक घेऊन आली, ओढणी ओढली, आणि बोटानं दाखवून म्हणाली, बघ ना मम्मी, ही ओळ हिच्यावर चढते. मी मान वळवून पुस्तकात बघितलं. खरंच चढत होती, मला दिसत होतं. सगळ्या जगात ती काय म्हणतेय हे ज्या एकाच माणसाला नेमकं कळत होतं, ते मी होते. आणि मी म्हटलं, सगळ्यांच्याच चढतात. पप्पांना दिसत नव्हतं. मला दिसत होतं.

"मग काय झालं?" पप्पांनी तिला विचारलं. आवाज अगदी हळू. गिऱ्हाइकाशीही ते एवढ्या हळू बोलत नाहीत.

"मग मी वाचलं आणि परत चुकलं. मग मम्मीनं मारलं. पुस्तकानं. इथं." तिनं कानामागं हात लावून दाखवलं. "मग मी नाही सांगितलं परत."

आत बाईचं भांडं वाजायचं थांबलं. पप्पांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला, दोन्ही काड्या नीट कानांमागं बसवल्या आणि माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, आता हसतील, आणि मनापासून सांगते, हसले असते तर बरं झालं असतं. ते हसले नाहीत. "मी तुला कधी हात लावला नव्हता, विधी," ते म्हणाले. ते जिंकायला म्हणाले की त्यांना खरोखर धक्का बसला होता, मला कळलं नाही. मला ते कळून घ्यायचंही नव्हतं. मी घाईघाईनं सगळं उलटंपालटं करून शोधायला लागले. गादीची कड, सातची वेळ, ते मागून आले ती संध्याकाळ, बारावीचा निकाल, एक चापट तरी, एक ढकलणं तरी, कान पिळणं तरी. मला काय काय आठवतं सांगू? त्यांच्या सदऱ्याचा वास आठवतो, काचेवरच्या बोटाचा आवाज आठवतो. हात कुठंच नव्हता. जो हात धुळ्याहून आला म्हणून मी त्यांच्या नावावर टाकला होता, तो धुळ्यात कधी नव्हताच. तो जळगावात माझ्या घरात उठला होता, आणि तो माझा होता.

मी उठले. पप्पांकडं बघायचं टाळून झोपाळ्यापाशी गेले आणि खाली फरशीवर बसले, म्हणजे तोंड तिच्या तोंडासमोर आलं. तिचा चेहरा इतका जवळ होता की मला दोन प्रियल दिसत होत्या. मी मागं सरकून त्यांची एक केली. हात जोडले नाहीत. "प्रियल," मी म्हटलं, "तू खरं सांगत होतीस. माझं चुकलं." किती छोटं वाक्य होतं ते. माझ्यामागं पप्पा बसले होते आणि त्यांनी ते ऐकलं, याचा त्या क्षणीसुद्धा मला राग आला, हे मी लपवत नाही. प्रियलनं पाय टेकवून झोपाळा थांबवला. माझ्याकडं तिनं बघितलं नाही. माझ्या खांद्यावरून तिनं आधी नानाजींकडं बघितलं, मम्मीचं हे खरं धरायचं का, ते विचारायला.